जुना स्किड स्टीअर: गरम झाला की डावी बाजू मान टाकते

आष्टा_लोडर | मंगळवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांबण लागेल.

माझ्याकडे २००७ सालचं स्किड स्टीअर आहे, म्हणजे डावी-उजवी चाकं वेगवेगळी चालवून वळणारा छोटा लोडर. आमच्या भागात कुठल्याही कंपनीचं असलं तरी लोक त्याला बॉबकॅटच म्हणतात, पण हे त्या कंपनीचं नाही. तीन वर्षांपूर्वी जुनं घेतलं. मीटर ४,६०० तासांवर बंद पडलाय, खरे तास देव जाणे. हंगामात साखर कारखान्यावर बगॅस (उसाचा चोथा) आणि प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ), एरवी पोल्ट्रीचं खत, वीटभट्टीची माती, मिळेल ते काम.

दुखणं असं. सकाळी थंड असताना मशीन झकास पळतं. ४०-४५ मिनिटं झाली की डावी बाजू मान टाकते. सपाटीला कसंबसं चालतं, पण बकेट ढिगात घातली की उजवी चाकं माती उकरतात आणि डावी नुसती बघत बसतात. मशीन गर्रकन डावीकडे फिरतं. रिव्हर्सलाही तेच. इंजिन दबत नाही, म्हणजे त्याच्यावर भारच येत नाही. आर्म आणि बकेट मात्र गरम असतानाही भरलेला माल बिनतक्रार उचलतात. हायड्रॉलिकचं ऑइल आठवड्याला दोन-अडीच लिटर टाकावं लागतं, पण जुनं मशीन म्हणजे ते चालायचंच. खाली थेंब पडलेला दिसत नाही.

मिस्त्री म्हणतो पंप गेला. दोन्ही बाजूंचे पंप एकाला एक जोडलेले आहेत, काढून पुण्याला न्यायचे, ८०,००० पासून पुढे. कारखाना पंधरा दिवसांत पेटतोय. पंप काढू, की आधी काही बघण्यासारखं आहे?

बुलेट_कराड | मंगळवार, रात्री १०.०५

भावा, ६८ नंबर ऑइल टाक. घट्ट ऑइलनं पकड येते. आमच्या मित्राचं असंच झालं होतं, हंगाम निघाला आरामात.

मिरजेचा फिटर | मंगळवार, रात्री ११.२०

मशीन कुणाच्या तरी गळ्यात मारायचं असेल तर ६८ ची युक्ती उत्तम आहे. चालवायचं असेल तर नको. झिजलेल्या फटीतून घट्ट ऑइल कमी निसटतं, म्हणून चार दिवस बरं वाटतं. पण थंडीतल्या सकाळी तेच ऑइल सक्शनला ओढलं जात नाही, पंप उपाशी फिरतो, आणि मग खरंच पंप जातो. पुस्तकात कुठलं ऑइल लिहिलंय ते बघ. बऱ्याच जुन्या स्किड स्टीअरला हायड्रॉलिकच्या टाकीत चक्क १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल सांगितलेलं असतं, हे पुष्कळांना खरं वाटत नाही.

आता मुद्द्याचं. हायड्रोस्टॅटिकमध्ये, म्हणजे ऑइलच्या प्रेशरनं चाकं फिरवणाऱ्या यंत्रणेत, प्रत्येक बाजूला एक पंप आणि एक मोटर. पंपानं दिलेलं ऑइल मोटर फिरवून टाकीत न जाता सरळ पंपाकडेच परत येतं. फिरता फिरता आत थोडं झिरपतं, ते भरून काढायला छोटा चार्ज पंप असतो. आपल्या उसाच्या पाटासारखं समज. पाट फुटका असला तरी विहिरीवरची मोटर गळतीपेक्षा जास्त उपसत असेल तर शेवटच्या सरीला पाणी पोचतं. गळती वाढली की शेवटची सरी कोरडी. ऑइल गरम झालं की पातळ होतं आणि गळती वाढते. म्हणून तुझी शेवटची सरी ४५ मिनिटांनी वाळते.

दोन्ही बाजू एकदम मेल्या असत्या तर मी चार्ज पंप, फिल्टर, सक्शनला हवा किंवा इंजिन आणि पंपामधलं कपलिंग म्हटलं असतं. एकच बाजू आणि तीही एकाच दिशेला मेली असती, समज पुढे नाही पण मागे जाते, तर त्या दिशेचा रिलीफ किंवा चेक व्हॉल्व्ह. त्यात कचऱ्याचा कण अडकला तरी पुरतं. तुझी एकच बाजू, दोन्ही दिशांना, गरम झाल्यावर. म्हणजे डावा पंप किंवा डावी मोटर, एवढंच आज सांगता येतं. तुझ्या मिस्त्रीनं त्यातलं महागाचं नाव आधी घेतलं.

पंपाला पान्हा लावायच्या आधी फुकटातल्या गोष्टी कर. सीटखालचं झाकण उघड, इंजिन बंद ठेवून कुणाला तरी लिव्हर पूर्ण ढकलायला लाव आणि पंपावरचा छोटा हात दोन्ही बाजूंना सारखाच फिरतो का बघ. लिंकेजचे बुश झिजले की लिव्हर शेवटपर्यंत जातं, पण पंपाचा हात अर्ध्यावरच थांबतो. आणि ऑइल कूलर उघड. तू बगॅस ओढतोस ना? मग उघडच.

माणदेशी | बुधवार, सकाळी ७.१०

टायरची हवा बघितली का? हसू नका. आमच्या इथे एकानं डावीकडे जुने, उजवीकडे नवे टायर बसवले होते आणि मशीन एका बाजूला ओढतं म्हणून महिनाभर हायड्रॉलिकच्या मागे लागला होता.

आष्टा_लोडर | बुधवार, रात्री ८.३०

टायर चारही एकाच मापाचे, हवा सारखी.

लिंकेज बघितलं. डाव्या बाजूला किंचित ढिल आहे, पण पंपाचा हात दोन्हीकडे सारखाच जातो.

कूलरची मात्र लाज वाटली. बाहेरून फुंकर मारून स्वच्छ दिसत होता. रेडिएटर आणि कूलरच्या मधे बोटभर फट आहे, तिथे बॅटरी लावून बघितलं तर बगॅसचा नमदा बसलेला, गादीतल्या कापसासारखा. ऑइलच्या ओशटपणानं चिकटून काळा झालेला. दोन्ही वेगळे केले, आतून बाहेर हवा मारली. घमेलंभर निघाला.

आज वीटभट्टीवर चालवलं. ४५ मिनिटांचं दुखणं आता सव्वा तासावर गेलं. पण गेलं नाही.

फाउंड्री_सातारा | बुधवार, रात्री ९.१५

एमआयडीसीत आमच्या फाउंड्रीत असलंच एक मशीन आहे, वाळू ओढायला. तुमच्याकडे बगॅस, आमच्याकडे वाळू, त्यामुळे मला कीव येतेय.

फिल्टर काढून कापून बघा. हॅक्सॉनं मात्र कापू नका, ब्लेडचा कीस आत पडतो आणि माणूस उगाच घाबरतो. पत्रा कापायच्या कात्रीनं वरची कड कापायची, आतला कागद बाहेर काढून घड्या उन्हात उघडायच्या आणि चुंबक फिरवायचं. चुंबकाला चिकटलं तर लोखंड. पिवळं, चकचकीत आणि चुंबकाला दाद न देणारं असेल तर पितळ, म्हणजे पिस्टन पंपातले स्लिपर किंवा प्लेट झिजतायत. पितळ मुबलक निघालं तर मिस्त्रीचं म्हणणं खरं समजा.

आष्टा_लोडर | गुरुवार, दुपारी १.४०

कापला. काळा गाळ आहे, चुंबकाला मिशी येते बारीक. पितळ शोधूनही दोन-तीनच कण. फोटो चढत नाहीये, नेट रडतंय.

मिरजेचा फिटर | गुरुवार, रात्री १०.४५

ठीक. आता गेज लावायचा. चार्ज पंपाच्या प्रेशरला ४० किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) गेज पुरतो. पण तोच गेज चुकून मेन लाइनला लावशील तर तोंडावर फुटेल. तिथे २००-३०० किलोच्या घरात, कधी त्याहून वर प्रेशर असतं. पोर्ट कुठला ते पुस्तकात बघूनच टी लाव. चार्जचा आकडा मशीनगणिक वेगळा, पण साधारण १० ते २५ किलोच्या दरम्यान कुठेतरी असतो.

मशीन घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घे, चारही चाकं अधांतरी. नुसत्या जॅकवर नाही. आर्म वर घ्यावे लागले तर त्यांचा लॉक लावल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही. आणि होजला गळती शोधताना हात फिरवायचा नाही, पुठ्ठा फिरवायचा. सुईएवढ्या भोकातून निघालेलं ऑइल कातडीच्या आत जातं, वर फक्त डास चावल्यासारखं दिसतं. तसं झालं तर दुखत नाही म्हणून घरी बसू नये, तासाभरात दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांना हायड्रॉलिक ऑइल आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं. माझ्या ओळखीचा एक जण दुसऱ्या दिवशी गेला, बोट राहिलं नाही.

मशीन गरम कर. न्यूट्रलला किती, उजवं लिव्हर ढकलल्यावर किती, डावं ढकलल्यावर किती, तीन आकडे दे. चाकं मोकळी फिरत असताना फरक कळणार नाही, म्हणून पार्किंग ब्रेक लावून लिव्हर थोडंसंच ढकलायचं, चार-पाच सेकंद, जास्त नाही.

आष्टा_लोडर | शनिवार, सायंकाळी ६.२०

गेज सांगलीतून आणला. थंड असताना १६ किलो. गरम झाल्यावर न्यूट्रलला १३. उजवं लिव्हर: १२. डावं लिव्हर: काटा सरसर खाली येऊन ७ वर थरथरत उभा. सोडलं की परत १३.

काटा पडताना बघितला आणि पहिल्यांदा वाटलं की दुखणं डोळ्यांना दिसलं.

फाउंड्री_सातारा | शनिवार, सायंकाळी ७.००

वा. म्हणजे चार्ज पंप ठणठणीत. डाव्या फेऱ्यातली, म्हणजे डाव्या पंप-मोटरमधली गळती त्याला खाऊन टाकतेय. आता पंप की मोटर एवढाच निवाडा.

बुलेट_कराड | शनिवार, सायंकाळी ७.३०

मी अजूनही म्हणतो ६८.

मिरजेचा फिटर | शनिवार, रात्री १०.१०

बुलेट, तुला एक डबा माझ्यातर्फे.

आष्टा, निवाडा करायला होज उलटसुलट करायचे. डाव्या पंपाचे दोन्ही होज उजव्या मोटरला, उजव्याचे डाव्या मोटरला. लांबी पुरत नसेल तर तात्पुरते दोन होज बांधून घे. त्यानंतर डावं लिव्हर उजवी चाकं फिरवेल, म्हणून हे सगळं घोड्यांवरच, अंगणात फिरवून बघायची हौस नको. दुखणं उजव्या चाकांत गेलं तर पंप दोषी. डाव्या चाकांतच राहिलं तर पंप निर्दोष, मोटर दोषी. होज सोडायच्या आधी सगळी जागा डिझेलनं धुऊन पुसून घे आणि उघड्या तोंडांना टोपण लाव. चिंधी कोंबू नकोस, चिंधीचा धागा चेक व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. असल्या धाग्यांनी माझे दोन रविवार खाल्लेत.

खटावची_पोल्ट्री | रविवार, सकाळी ६.५०

मी मशीनमधली नाही. आमची पोल्ट्री आहे, मशीन आमचे हे आणि दीर चालवतात, डिझेल-ऑइलच्या बिलांची वही मी ठेवते. सगळं वाचलं. एक प्रश्न पडला, चुकीचा असेल तर सोडून द्या.

आठवड्याला दोन-अडीच लिटर ऑइल टाकता आणि खाली थेंब नाही, असं पहिल्याच दिवशी लिहिलंत. मग ते जातं कुठे? आमच्या मशीनचंही असंच होतं, महिन्याला एक डबा. हे म्हणायचे जुनं मशीन खातं ऑइल. इंजिन खाईल हो, जळतं तिथे. हायड्रॉलिकमध्ये काय जळतंय? शेवटी ते चेन केसमध्ये, म्हणजे चाकांच्या चेनच्या बंद पेटीत सापडलं होतं.

फाउंड्री_सातारा | रविवार, सकाळी ८.०५

ताई, आम्ही सगळे गेज घेऊन बसलो आणि तुम्ही वही घेऊन आलात!

गंमत म्हणजे हे मशीन जन्मलंच पोल्ट्रीसाठी. १९५७ साली अमेरिकेत मिनेसोटात सिरिल आणि लुई केलर या भावांनी टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या शेडमधली घाण काढायला तीन चाकांचा छोटा लोडर बनवला. त्याचाच पुढे बॉबकॅट झाला. सुरुवातीच्या त्या मशीनला हायड्रोस्टॅटिक नव्हतं, क्लच होते.

मिरजेचा फिटर | रविवार, सकाळी ९.३०

ताईंनी कान पकडला. पहिल्या दिवशी मीही ते वाक्य वाचलं आणि पुढे गेलो.

आष्टा, होज सोडू नकोस अजून. मोटरचा शाफ्ट चेन केसमध्ये घुसतो, तिथे एक सील असते. ती फाटली की हायड्रॉलिकचं ऑइल चेन केसमध्ये उतरतं. बाहेर थेंब कसा दिसणार? तुझ्या मशीनला डाव्या-उजव्या बाजूचे चेन केस वेगळे आहेत का? असतील तर दोन्हीचे पातळीचे बोल्ट उघड. मशीन सपाट जागेवर आणि थंड असू दे.

आष्टा_लोडर | रविवार, दुपारी १२.१५

वेगळे आहेत. उजवीकडचा बोल्ट काढला, ऑइल बरोबर कडेला. डावीकडचा दोन आटे सैल केला तोच पिचकारी उडाली, शर्ट गेला. घमेलं लावून ठेवलं, अकरा-बारा लिटर जास्तीचं निघालं. चेनचं ऑइल काळं असतं, हे मधाच्या रंगाचं आणि पातळ, हायड्रॉलिकचाच रंग, हायड्रॉलिकचाच वास.

ताई, तुमच्या पाया पडतो.

खटावची_पोल्ट्री | रविवार, दुपारी १.००

पाया नको. वही घाला.

मिरजेचा फिटर | रविवार, दुपारी २.४०

मोटर काढ. पण नुसती सील बदलून बसवू नकोस, महिन्यात परत फाटेल. सील स्वतःहून क्वचित जाते, तिला आतून प्रेशर ढकलतं. मोटरच्या आत झिरपलेलं ऑइल केस ड्रेनच्या बारीक होजमधून टाकीकडे जायला हवं. ते दोन कारणांनी तुंबतं: झिरपा फार वाढला किंवा होज चोक झाला.

काढायच्या आधी केस ड्रेनचा होज मोटरपाशी सोड, तिथे दुसरा पाइप लावून बादलीत घे. पुन्हा गरम मशीन, पार्किंग ब्रेक, थोडंसं लिव्हर, दहा सेकंद. मग उजवीकडे तसंच. दोन्ही मोजून सांग.

आष्टा_लोडर | सोमवार, रात्री ९.००

दहा सेकंदांत उजवी मोटर: पाव लिटरला थोडं कमी. डावी: सव्वा लिटर. दूध मोजायच्या मापानं मोजलं, माप आता घरात घेत नाहीत.

आणि फिटरकाका, होज चोक असेल असं तुम्ही म्हणालात म्हणून डाव्या बाजूचा सोडलेला ड्रेन होज हातात घेऊन पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हवा मारली. हवा जाईचना. मधोमध चिरला. वरून धडधाकट, आतलं रबर फुगून लोण्यासारखं झालेलं, जेमतेम काडेपेटीची काडी जाईल एवढं भोक. कुणीतरी कधीकाळी पाण्याचा साधा रबरी पाइप लावला होता. ऑइलच्या होजवर छापलेले आकडे असतात, यावर काहीच नाही.

होज उलटसुलट करायची गरज आहे का आता?

मिरजेचा फिटर | सोमवार, रात्री ९.४०

नाही. फरक पाचपट आहे, आणि फिल्टरमध्ये पितळ जवळजवळ नव्हतं, चुंबकालाच मिशी होती. पंपाला हात लावू नकोस. मोटर घेऊन कोल्हापूरला उद्यमनगरात जा किंवा इकडे मिरजेला आण, उघडू समोरासमोर.

आष्टा_लोडर | शुक्रवार, रात्री १०.३०

मिरजेला नेली. काकांनी टेबलावर पांढरा कपडा अंथरून उघडली, घड्याळ उघडावं तशी. ऑर्बिट मोटर आहे. आत एक स्टार असतो, तो रोलरच्या कड्यात डुलत फिरतो. स्टारच्या तोंडावर आणि बाजूच्या प्लेटवर गोल चरे पडलेले, नख फिरवलं तर नख अडकतं. सीलची ओठाची कड कडक होऊन तुकडा उडालेला. शाफ्टवर सीलच्या जागी खाच पडली होती, तिथे नवी सील बसवली असती तरी गळलीच असती. शाफ्टवर बारीक स्लीव्ह चढवून घेतली.

स्टार-रोलरचा सेट, प्लेट, सील किट, बेअरिंग, स्लीव्ह, मजुरी मिळून ३४,२००. ड्रेनचा खरा होज दोन्ही बाजूंना नवा, ९००. फिल्टर आणि ऑइल वेगळं. ऑइल पुस्तकात लिहिलंय तेच भरलं, ६८ नाही.

बसवल्यावर काकांनी फोनवर सांगितलं तसं केलं. मोटरच्या केसमध्ये वरून ऑइल भरूनच होज लावला. इंजिन पेटू नये म्हणून त्याच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढून थोडं थोडं स्टार्टर मारलं, चार्जच्या गेजचा काटा हलेपर्यंत. मग वायर जोडून सावकाश आयडलवर. टाकीत फेस आला होता, दहा मिनिटांत बसला. चेन केस दोनदा धुऊन नवीन ऑइल.

आज कारखान्याच्या यार्डात तीन तास सलग. गरम, डावं लिव्हर: साडेअकरा किलो. बकेट ढिगात घातली, चारही चाकांनी एकदम माती खाल्ली आणि इंजिन दबलं. इंजिन दबल्याचा एवढा आनंद कधी झाला नव्हता.

बुलेट_कराड | शुक्रवार, रात्री १०.५०

अभिनंदन भावा. माझा ६८ चा डबा कधी मिळणार?

फाउंड्री_सातारा | शनिवार, सकाळी ७.४०

कूलरच्या फटीत जाळी बसवा, मच्छरदाणीची नको, ती गरमीनं वितळते. पत्र्याची बारीक जाळी, खालून काढता येईल अशी. हंगामात रोज रात्री काढून झटकायची. आणि मशीन कधी अर्ध्यात बंद पडलंच तर ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढू नका. इंजिन बंद असताना चाकं फिरली की मोटर पंप होते आणि चार्ज नसलेल्या फेऱ्यात कोरडी घासते.

मिरजेचा फिटर | शनिवार, सकाळी ९.१५

उजवी मोटरही त्याच वयाची आहे, तिचा पाव लिटर लिहून ठेव. हंगाम संपला की पुन्हा मोजू. तोवर दर रविवारी दोन्ही चेन केसचे बोल्ट उघडायचे. शर्ट जुना घाल.

आष्टा_लोडर | शनिवार, सकाळी ९.३०

वही आणली, काका. पहिल्या पानावर उजवीचा पाव लिटर लिहिला. खाली ऑइलचा रकाना पाडलाय, आजच्या तारखेला शून्य.